दांडसरची गोफण: एका कल्पित सैन्यामागची पार्श्वभूमी

दांडसरच्या कथांमध्ये धनुर्धर फार थोडे भेटतात. तटावर गोफणवाले, खिंडीच्या तोंडाशी गोफणवाले, राणीच्या खास पथकातही गोफणवालेच. कोल्हापुरात बसून आम्ही काहीजण हे कल्पित जग रचतो आहोत आणि त्यातल्या शस्त्रांची बाजू माझ्याकडे आहे. त्यामुळे ‘धनुष्य का नाही?’ हा प्रश्न मलाच येतो. प्रश्न रास्त आहे. अद्भुतकथेत लांबून मारा करायचा म्हटलं की धनुष्यच पुढे येतं. गोफण आलीच तर एखाद्या पोरसवदा पात्राच्या हाती, तलवार मिळेपर्यंतची सोय म्हणून. खऱ्या इतिहासात गोफणीचा मान याहून बराच वरचा होता.

तिचं वय आधी बघू. सीरियातल्या हमूकार इथे सुमारे ५,५०० वर्षांपूर्वीच्या, लढाईत पडलेल्या तटबंदीजवळ मातीच्या लांबट गोळ्या मोठ्या संख्येनं सापडल्या. इजिप्तच्या तुतानखामेनच्या थडग्यात, सोन्यानाण्याच्या सोबतीला, लिननच्या (जवसाच्या) धाग्यांची वेणी घालून विणलेल्या गोफणी ठेवलेल्या होत्या. इ.स.पू. ७०१ मध्ये असिरियाच्या सेन्नाखेरीबनं लाखीश शहर घेतलं, त्या वेढ्याची शिल्पं आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. त्यात धनुर्धरांसोबत गोफणवाल्यांची फळी उभी दिसते. इजिप्त आणि असिरिया ही तर सम्राटांची, बलाढ्य राज्यं होती. धनुष्य परवडत नाही म्हणून त्यांनी गोफण धरली असं म्हणायला जागाच नाही.

आता तिचं काम कसं चालतं ते. दोन दोऱ्या, मध्ये दगड ठेवायला विणलेली खोलगट पट्टी. एका दोरीचं टोक बोटात अडकवलेलं, दुसरं चिमटीत धरलेलं. हात जितका लांब तितका दगडाचा वेग जास्त, आणि गोफण म्हणजे हाताला जोडलेली आणखी हातभर लांबी. डोक्याभोवती दहा-दहा फेरे घ्यावे लागतात हा चित्रपटांनी पसरवलेला समज आहे. मुरलेला माणूस एका फेऱ्यात दगड सोडतो, आणि सगळी विद्या त्या सोडण्याच्या क्षणात असते. चिमूट जराशी उशिरा सुटली की दगड भलतीकडे जातो. १९८१ मध्ये अमेरिकेत एकानं ५२ ग्रॅमचा दगड गोफणीनं ४३७ मीटरवर टाकल्याची नोंद आहे. लढाईत नेम धरून एवढ्या लांब मारत नसत, पण शस्त्राची ताकद किती हे त्यावरून कळतं.

माझ्या दृष्टीनं दांडसरच्या सैन्याचा पाया घातला तो ग्रीक लेखक आणि सेनानी झेनोफननं. इ.स.पू. ४०१ मध्ये दहा हजार ग्रीक भाडोत्री सैनिक इराणी साम्राज्याच्या पोटात अडकले आणि लढत लढत मागे निघाले. इराणी धनुर्धर आणि गोफणवाले त्यांना लांबूनच झोडपत होते, ग्रीकांचे भालेवाले तिथवर पोचतच नव्हते. तेव्हा झेनोफननं विचारलं, आपल्यात ऱ्होड्स बेटाची माणसं आहेत ना? त्यांतल्या बऱ्याच जणांना गोफण येते. ज्यांच्याकडे गोफणी आहेत त्यांच्याकडून विकत घ्या, नव्या वळायला पैसे द्या. रात्रीत २०० जण उभे राहिले. इराणी लोक मूठभर आकाराचे दगड टाकत, ऱ्होड्सवाले शिशाच्या छोट्या गोळ्या, आणि त्या दुप्पट लांब जात. कारण सोपं आहे: शिसं दगडाच्या जवळजवळ चौपट जड. तेवढ्याच वजनाची गोळी शिशाची केली तर हवेला अडणारं तिचं तोंड निम्म्याहून लहान होतं.

मला या प्रसंगात शिशापेक्षाही ती २०० माणसं महत्त्वाची वाटतात. ती सैन्यात भालेवाले म्हणून आली होती. गोफण त्यांना कुणा सेनापतीनं शिकवलेली नव्हती, ती बेटावरून, लहानपणातून सोबत आली होती.

हेच बॅलिॲरिक बेटांबद्दल. आजच्या स्पेनच्या पूर्वेला मायोर्का, मिनोर्का ही बेटं. तिथले गोफणवाले आधी उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजकडून आणि पुढे रोमकडून लढले. हॅनिबलच्या फौजेतही ते होते. ग्रीक भूगोलकार स्त्राबो लिहितो की प्रत्येकाजवळ तीन गोफणी असत: लांब पल्ल्याला लांब दोरीची, जवळच्या माऱ्याला आखूड, आणि एक मधली. ग्रीक इतिहासकार डायोडोरस सांगतो की आई पोराची भाकरी खांबावर ठेवायची आणि ती दगडानं पाडेपर्यंत त्याला खायला मिळायचं नाही. गोष्ट थोडी रंगवलेली असेलही, पण तिच्यातलं घर, आई आणि भूक मला खरी वाटते. इ.स.पू. १२३ मध्ये रोमन सेनापती मेटेलस ही बेटं जिंकायला निघाला तेव्हा त्यानं जहाजांवर कातडी ताणून बसवली, गोफणीच्या माऱ्यापासून बचाव म्हणून. ज्या शस्त्रासाठी रोमचं आरमार असा बंदोबस्त करतं, ते शस्त्र दुय्यम नव्हे.

म्हणून दांडसर रचताना मी शस्त्रागारापासून सुरुवात केली नाही, शेतापासून केली. आपल्याकडे हे समजायला लांब जावं लागत नाही. जोंधळा हुरड्यात आला की भोरड्यांचे थवे उतरतात आणि राखण केली नाही तर कणसं रिकामी होतात. शेतात माळा घालायचा, त्यावर पोरांनी दिवसभर उभं राहायचं, हाकारे घालायचे आणि गोफणीनं गुंडे फेकायचे. शिरोळ-हातकणंगल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, हे काम त्यांच्या अंगात मुरलेलं असतं. आठ-दहा वर्षांचं पोर हंगामभर दिवसाला शेकडो दगड टाकायचं. एवढा सराव कुठलंही सैन्य कुणाला देऊ शकत नाही. दांडसरच्या गोफणवाल्यांना आम्ही ‘राखणे’ म्हणतो, ते याच माळ्यावरून. वरच्या पठारावरचे राखणे मेंढपाळ आहेत. तिबेट आणि अँडीज पर्वतातले गुराखी आजही लोकरीच्या गोफणीनं भरकटलेलं जनावर वळवतात, त्या धर्तीवर.

हवामानाचं कारणही तितकंच मोठं. दांडसरचा पाऊस मी गगनबावड्याचा घेतला आहे: चार महिने धुकं, झड, सगळं ओलंचिंब. शिंग, लाकूड आणि स्नायूंचे धागे सरसानं जोडून केलेलं ताकदवान धनुष्य अशा हवेत टिकत नाही. सरस ओल धरतो आणि थर सुटू लागतात. अंबाडीची गोफण भिजली तरी काम करते. दांडसरच्या शत्रूची, म्हणजे तळवटच्या राजाची, फौज उन्हाळ्यात धनुष्यांच्या जोरावर चढून येते आणि मृगानंतर आंधळी होते, हे त्यामुळेच. पावसात वेढा चालेल का, अशी शंका कुणी घेतली तर पन्हाळ्याकडे बोट दाखवेन: १६६० मध्ये सिद्दी जौहरनं भर पावसाळ्यातही वेढा उठवला नव्हता.

गोफणीची मधली पट्टी दांडसरमध्ये चामड्याची असते. बाभळीची साल आणि हिरड्यानं कमावलेलं चामडं, चामड्याचीच वेणी. कोल्हापुरी चपलेची वेणी वळणारे हात ज्या गावात आहेत तिथे बसून दुसरं काही सुचणं कठीण होतं. दगड नदीतले घेतले आहेत, वरच्या ओढ्यांतले गोल घासलेले काळे गोटे. कासारी, कुंभीच्या वरच्या अंगाला असे गोटे मिळतात. पठारावरचा जांभा मात्र सच्छिद्र, त्याचे टवके उडतात, म्हणून राखणे तो घेत नाहीत. पावसाळ्यानंतर गोटे वेचायला सगळं गाव नदीवर उतरतं, हा दांडसरचा सण आहे. इंग्लंडमधल्या मेडन कॅसल या प्राचीन टेकडीकिल्ल्यावर समुद्रकाठाहून वेचून आणलेल्या गोट्यांचा २० हजारांहून मोठा साठा सापडला होता. त्याबद्दल वाचल्यावर हा सण सुचला.

शिसं कुठून आणायचं यावर मी बराच काळ अडले होते. दख्खनच्या काळ्या पाषाणात शिशाची खाण नाही. उत्तर ब्रह्मपुरीनं दिलं. पंचगंगेकाठच्या या टेकाडावर १९४०च्या दशकात उत्खनन झालं. इथूनच मिळालेली समुद्रदेव पोसायडनची कांस्यमूर्ती कोल्हापूरच्या टाऊन हॉलच्या संग्रहालयात आहे आणि रोमन जगाशी आपला व्यापार किती जवळचा होता ते सांगते. कोल्हापुरात विळिवायकुर, शिवलकुर अशा राजांची शिशाची नाणीही सापडली आहेत. त्यांवर धनुष्यबाण कोरलेला आहे. म्हणजे इथे शिसं बाहेरून आलं आणि नाणं होऊन हातोहात फिरलं. दांडसरमध्येही तळवटचं नाणं शिशाचं आहे, धनुष्याच्या छापाचं. दुसऱ्या भागातल्या वेढ्यात राखणे घराघरांतून ती नाणी गोळा करून वितळवतात आणि गोळ्या ओततात. गोळीवर ‘घे’ असं उमटवायची कल्पना माझी नाही: ग्रीक गोळ्यांवर नेमका हाच शब्द सापडतो. इ.स.पू. ४१-४० मधल्या इटलीतल्या पेरुसियाच्या वेढ्यात तर दोन्ही बाजूंनी गोळ्यांवर एकमेकांच्या पुढाऱ्यांना अर्वाच्य शिव्या कोरल्या होत्या.

स्कॉटलंडमधल्या बर्न्सवार्क इथे रोमन सैन्याच्या भोक पाडलेल्या गोळ्या मिळाल्या, ज्या उडताना घोंघावतात. तो आवाज मी रात्रीच्या हल्ल्यात वापरला आहे. पेरूमध्ये १५३६ साली इंकांनी तापवलेले दगड कापसात गुंडाळून गोफणीनं कुस्को शहरावर टाकले आणि छपरं पेटवली. दांडसरची माणसं हे करत नाहीत, कारण त्यांची स्वतःची घरंही गवतानं शाकारलेली आहेत.

जखमेबद्दल थोडं गंभीरपणे. रोमन लेखक व्हेजिशियस सांगतो की चिलखत घातलेल्या माणसाला गोल दगड बाणापेक्षा जास्त इजा करतो: अवयव शाबूत राहतात, रक्त दिसत नाही, आणि माणूस मरतो. दुसरा रोमन लेखक सेल्सस, त्याच्या वैद्यकग्रंथात शरीरात रुतलेली शिशाची गोळी कशी काढावी याची कृती आहे. दांडसरच्या वैद्यांची पात्रं लिहिताना हे दोन्ही माझ्यासमोर होते. तळवटचा सैनिक चिलखत काढतो तेव्हा आत फक्त काळानिळा डाग दिसतो आणि वैद्याला कळतं की हा सकाळ बघणार नाही. हे दृश्य कुणी सौम्य करू नये अशी सोबतच्या लेखकांना माझी विनंती आहे.

गोफणीच्या अडचणीही तेवढ्याच खऱ्या. फिरवायला मोकळी जागा लागते, म्हणून खांद्याला खांदा लावून गोफणवाले उभे करता येत नाहीत. दाट झाडीत ती निरुपयोगी. किल्ल्याच्या तटात बंदुकीसाठी ठेवतात तशा जंग्यांतून गोफण मारता येत नाही, उभं राहूनच मारावं लागतं. म्हणून दांडसरच्या गडांना जंग्या नाहीत. बुरूज वरून रुंद, मोकळे आणि चर्या, म्हणजे तटावरचे आडोशाचे कठडे, कमरेएवढ्याच. चित्रकारांनी आधी नेहमीचे किल्ले काढले होते, ते बदलून घेतले.

आणि सगळ्यात मोठी अडचण शिकण्याची. धनुष्यालाही सराव लागतोच, पण गोफण मोठेपणी हाती घेऊन पटकन येत नाही. ती बालपणातल्या कामाला बांधलेली आहे आणि ते काम गेलं की तीही जाते. कोल्हापूर जिल्ह्यानं हे पाहिलं आहे. राधानगरी धरणाचं काम शाहू महाराजांच्या काळात सुरू झालं, पुढे पाणी शिवारात फिरलं, ऊस आला, घरात पैसा आला, पोरं शाळेत गेली. त्यात वाईट काहीच नाही. पण उसाला पाखरांची राखण लागत नाही. माळे गेले, गोफणीही गेल्या.

तिसऱ्या भागाचं कथानक याच गोष्टीवर उभं आहे. दांडसरची राणी कालवे काढते. जोंधळ्याच्या जागी बारमाही पीक येतं, भूक हटते, लोक तिला दुवा देतात. दोन पिढ्यांनी तळवटची फौज पुन्हा घाट चढून येते तेव्हा कोठारात गोफणी हव्या तेवढ्या असतात, गोटेही असतात, आणि राणीच्या नातवाला गोफणवाले पठारावरच्या मेंढपाळांकडून रोजानं मागून आणावे लागतात. मेंढपाळ मजुरी काय मागतात, ते पहिल्याच प्रकरणात आहे: कालव्याखाली गेलेली त्यांची चराईची कुरणं.