मोठे शोभेचे मासे : टाकी व सोबती (सोलापूर)

पूर्ण वाढ झाल्यावर साधारण 25 सेंमी.च्या पुढे जाणारे, घरच्या काचेच्या टाकीत पाळले जाणारे गोड्या पाण्यातील मासे. ऑस्कर, फ्लॉवरहॉर्न, सिल्व्हर अरोवाना, टिनफॉइल बार्ब, सकर (काचेला तोंडाने चिकटणारा) आणि 'शार्क' म्हणून विकला जाणारा पंगास हे त्यांतले नेहमीचे. सोलापुरात अशी टाकी ठरवताना माशाच्या लांबीइतकाच नळाचा आणि उन्हाळ्याचाही हिशोब धरावा लागतो.

दुकानात हे मासे बोटाएवढे असतात. टाकीच्या मापाने मासा वाढतो, हा समज खोटा आहे. लहान टाकीत तो खुरटतो, तोही घाण पाण्यामुळे. ऑस्कर 30 ते 35 सेंमी. होतो, अरोवाना 90 सेंमी.च्या आसपास जातो. पंगास मीटरभराहून मोठा होतो आणि बिचकला की काचेवर आदळतो. घरात त्याला पुरेल अशी टाकी नसतेच, तेव्हा तो न घेतलेला बरा.

टाकीची मापे फुटांत सांगतात (लांबी×रुंदी×उंची). एक घनफूट म्हणजे सुमारे 28 लिटर. 2×1×1 ची टाकी (56 लिटर) ऑस्करच्या पिल्लाला काही महिनेच पुरते. एका ऑस्करला 4×1.5×1.5 (सुमारे 255 लिटर), जोडीला 4×2×2 (सुमारे 450 लिटर) लागते. अरोवानासाठी 6 फूट लांबी आणि निदान अडीच फूट रुंदी हवी. मासा सहज वळला पाहिजे, म्हणून उंचीपेक्षा रुंदीवर पैसे घालावेत.

मांसाहारी मोठा मासा भरपूर अमोनिया सोडतो, म्हणून दर आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदलावे लागते. 450 लिटरच्या टाकीला हे 110 लिटरच्या वर जाते. ज्या शहरात नळ काही दिवसांआड येतो, तिथे एवढे पाणी बाजूला काढणे सोपे नाही. त्यामुळे टाकी मोठी आणि मासे कमी, हेच इथे परवडते. साठवणीचा एक फायदा मात्र आहे: उघड्या पिंपात दोन-तीन दिवस राहिलेल्या पाण्यातला क्लोरीन बहुतेक उडून गेलेला असतो. काढलेले पाणी कुंड्यांना जाते, वाया जात नाही. बोअरचे पाणी बहुधा जड, म्हणजे क्षारयुक्त, आणि अल्कधर्मी असते; पाणी जितके अल्कधर्मी आणि गरम, तितका अमोनिया जास्त विषारी.

एप्रिल-मेमध्ये पारा 40 अंशांच्या वर जातो आणि गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. पाणी थंड करणारे यंत्र (चिलर) महाग असते. पण सोलापूरची हवा कोरडी, त्यामुळे पृष्ठभागावर लहान पंखा लावला तरी पाणी दोन-तीन अंशांनी उतरते. त्यासाठी झाकण काढावे लागते आणि अरोवाना तर उडी मारणारा. तिथे झाकणाऐवजी घट्ट बसवलेली जाळी लागते. बाष्पीभवनाने घटलेल्या पाण्यात बोअरचे पाणी भरत गेल्यास क्षार साचत जातात. लाइट गेल्यावर बॅटरीवर चालणारा एअर पंप हाताशी असावा.

सोबत्यांचा पहिला नियम तोंडाच्या मापाचा: तोंडात मावेल तो खाल्ला जातो. गप्पी, टेट्रा असे लहान मासे ऑस्करसोबत टिकत नाहीत. सिल्व्हर डॉलर आणि टिनफॉइल बार्ब थव्याने ठेवले तर ऑस्करच्या टाकीत चांगले जमतात. दुसरा नियम थरांचा: अरोवाना वर, बार्ब मध्ये, सकर तळाला. पण उपाशी सकर रात्री अरोवानाच्या अंगावरचा चिकट थर खरवडतो, म्हणून त्याला वेगळे खाद्य द्यावे. फ्लॉवरहॉर्न एकटाच ठेवावा. पिल्लू असताना मिसळलेलाही मोठेपणी सोबत्याला फाडतो. ऑस्करची जोडी अंड्यांवर आली की एरवीचे शेजारीही तिला चालत नाहीत. जागेअभावी नकोसा झालेला सकर तलावात सोडू नये. देशातल्या अनेक पाणसाठ्यांत तो असाच पसरला आहे.

4×2×2 ची भरलेली टाकी काच आणि स्टँडसह अर्ध्या टनाहून जड भरते. जुन्या माळवदाच्या घरात ती वरच्या मजल्यावर ठेवू नये. तळमजल्यावर शहाबादी फरशीची पातळी पाहून, टाकीखाली थर्माकोलचा थर देऊन ती बसवतात.