पाण्यातून जिवाणू पाजताय, पण प्रोबायोटिक की लस?

डुकराच्या पिल्लांना पिण्याच्या पाण्यातून जिवंत जिवाणू पाजतात. ते प्रोबायोटिक (आतड्याला उपकारक म्हणून दिलेले जिवाणू) असेल, नाहीतर ई. कोलाय या जिवाणूविरुद्धची लस. दोन्हींचा रोख बहुतेक वेळा दूध तोडल्यानंतरच्या हगवणीवर असतो, त्यामुळे गल्लत होतेच.

मुळात पिल्लाची अडचण अशी की डुकरिणीच्या वारेतून त्याला प्रतिपिंडं मिळत नाहीत. पहिल्या दिवसभरात पोटात गेलेला चीक आणि नंतर दुधातलं आयजीए (आतड्याचं रक्षण करणारं प्रतिपिंड), यावरच ते तगून असतं. तीन-चार आठवड्यांचं झालं की दूध तुटतं, आयजीए बंद होतं आणि स्वतःची प्रतिकारयंत्रणा अजून कच्चीच असते. एफ४ नावाच्या बारीक तंतूंनी आतड्याला चिकटणारे ई. कोलाय नेमकी हीच वेळ साधतात.

लसीतल्या जिवाणूकडे तेच तंतू असतात, विष बनवणारी जनुकं मात्र नसतात. तो आतड्याला चिकटला की शरीर त्या तंतूंविरुद्ध आयजीए तयार करतं, आणि पुढे खरा रोगजंतू आला तर त्याला चिकटताच येत नाही. हे व्हायला साधारण आठवडा लागतो, म्हणून लस दूध तोडण्याआधीच द्यायला हवी. त्याच सुमारास अँटिबायोटिक चालू असेल तर लसच मरते. (काही पिल्लांच्या आतड्यात जन्मतःच एफ४ला धरायला जागा नसते. त्यांना ही हगवणही होत नाही आणि ही लसही लागू पडत नाही.)

प्रोबायोटिकचा असा एक ठरलेला शत्रू नसतो. त्यातल्या लॅक्टोबॅसिलस, बॅसिलस किंवा एन्टेरोकॉकस या जिवाणूंच्या पेशीभित्तिकेचे तुकडे आतड्याच्या पेशींवरचे टीएलआर (जिवाणूंची चाहूल घेणारी प्रथिनं) ओळखतात. त्यातून सूज वाढवणाऱ्या आणि शमवणाऱ्या संदेशांचा तोल बदलतो, पेशींमधले सांधे घट्ट होऊ शकतात, एकूण आयजीएही वाढू शकतं. पण एफ४ची खास ओळख त्यातून पक्की होत नाही, आणि देणं थांबवलं की हे जिवाणू बहुधा लवकरच आतड्यातून निघून जातात.

शिवाय सगळा खेळ स्ट्रेनवर, म्हणजे जिवाणूच्या नेमक्या वाणावर. ‘रोगप्रतिकारशक्ती वाढवते’ एवढ्या मोघम दाव्यावर माझा तरी भरवसा नाही. 2009मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात एन्टेरोकॉकस फीसियम दिलेल्या पिल्लांना साल्मोनेला या रोगजंतूचा संसर्ग करवला. त्यांच्यात प्रतिपिंडं जास्त तयार झाली, आणि विष्ठेतून साल्मोनेलाही जास्तच पडला.