ईबी-१ए की एनआयडब्ल्यू? अमेरिकेत पीएचडी करणाऱ्या भारतीयांसाठी

"माझं एनआयडब्ल्यू ॲप्रूव्ह झालं" असा मेसेज येतो आणि घरी ग्रीन कार्ड मिळालं म्हणून पेढे वाटले जातात. कार्ड मिळालेलं नसतं. मंजूर झालेला असतो तो आय-१४० नावाचा अर्ज. भारतात जन्मलेल्या माणसाला त्या मंजुरीनंतर किती वर्षं थांबावं लागेल, हे अर्ज कोणत्या वर्गात केला यावर ठरतं.

पीएचडीच्या विद्यार्थ्यापुढे असे दोन वर्ग असतात: ईबी-१ए, म्हणजे नोकरीवर आधारित (ईबी) ग्रीन कार्डांच्या ईबी-१ मधला असाधारण क्षमतेचा वर्ग, आणि ईबी-२ मधला एनआयडब्ल्यू, म्हणजे नॅशनल इंटरेस्ट वेव्हर. गोंधळ होणं साहजिक आहे. फॉर्म एकच, आय-१४०. दोन्हींत अर्ज स्वतःच करता येतो. कंपनी, गाईड किंवा विद्यापीठ यांची सही लागत नाही, नोकरीची ऑफर लागत नाही, पर्म नावाची लेबर सर्टिफिकेशनची, म्हणजे त्या कामाला अमेरिकन माणूस मिळत नाही हे सिद्ध करण्याची, प्रक्रिया लागत नाही. जोडायची कागदपत्रंही दिसायला सारखीच: शोधनिबंध, सायटेशन्स, शिफारसपत्रं. पण अर्ज तपासणारा अधिकारी दोन्हींत वेगवेगळे प्रश्न विचारतो, आणि पुढची रांगही वेगळी असते.

ईबी-१ए मध्ये प्रश्न असतो तुम्ही आजवर काय केलंत याचा. नियमात दहा निकष आहेत, त्यांपैकी किमान तीन पुरे करावे लागतात. संशोधक विद्यार्थ्यांचे बहुधा हेच तीन असतात: दुसऱ्यांच्या कामाचं परीक्षण, स्वतःचे शोधनिबंध, आणि क्षेत्रात मोठं महत्त्व असलेलं मूळ योगदान. पहिल्या दोघांत फारशी अडचण येत नाही. फक्त परीक्षणाच्या बाबतीत जर्नलचं निमंत्रण पुरावा म्हणून चालत नाही. रिव्ह्यू पूर्ण केल्याची संपादकाची ईमेल किंवा जर्नलच्या पोर्टलवरची नोंद लागते. म्हणून पहिल्या रिव्ह्यूपासून या ईमेल एका फोल्डरमध्ये टाकत जावं. गाईडच्या नावाने आलेला पेपर तुम्ही तपासला असेल, तर जर्नलच्या नोंदीत तुमचं नाव येत नाही आणि ते काम मोजलं जात नाही. गाईडला संपादकाकडे तुमचं नाव सुचवायला सांगा.

अडतं ते तिसऱ्यात. "माझ्या पेपरला इतकी सायटेशन्स आहेत" एवढ्याने मोठं महत्त्व सिद्ध होत नाही. तुमची पद्धत कोणी वापरली, कुठे, आणि त्यामुळे त्यांच्या कामात काय बदललं, हे दाखवावं लागतं. दुसऱ्या प्रयोगशाळेच्या पेपरमध्ये "आम्ही अमुक यांची पद्धत वापरली" असं वाक्य असेल, तर त्या पानाची प्रत काढून ते वाक्य अधोरेखित करून जोडणं हे सायटेशनच्या आकड्यापेक्षा वजनदार ठरतं.

तीन निकष जुळले म्हणजे झालं, असंही नाही. २०१० च्या कझारियन खटल्यापासून तपासणी दोन टप्प्यांत होते. निकष मोजून झाले की सगळा पुरावा एकत्र ठेवून पाहिलं जातं: हा माणूस आपल्या क्षेत्राच्या अगदी वरच्या थरात आहे का, आणि त्याचा लौकिक टिकून आहे का? इथे तुलना तुमच्या बॅचमधल्या विद्यार्थ्यांशी होत नाही. अख्ख्या क्षेत्राशी होते, त्यात वीस-वीस वर्षं काम केलेले प्राध्यापकही आले. विद्यार्थिदशेतले बरेच ईबी-१ए अर्ज पहिल्या टप्प्यात तरतात आणि दुसऱ्यात बुडतात ते यामुळे.

एनआयडब्ल्यूमध्ये प्रश्न असतो तुम्ही पुढे काय करणार याचा. २०१६ च्या धनसर निर्णयाने त्याची तिपेडी चाचणी घालून दिली. तुमच्या नियोजित कामाला खरं मोल आणि राष्ट्रीय महत्त्व आहे का? ते काम पुढे नेण्यासाठी तुम्ही योग्य जागी आहात का? आणि नोकरीच्या ऑफरची अट माफ करणं अमेरिकेच्या एकंदर हिताचं आहे का? तो निर्णयच वाचण्यासारखा आहे. अर्जदार एअरोस्पेस इंजिनीअर होते. त्यांच्या हायपरसॉनिक प्रणोदनावरच्या संशोधनाला राष्ट्रीय महत्त्व आहे हे मान्य झालं, पण विद्यार्थ्यांना शिकवण्याच्या कामाचं राष्ट्रीय महत्त्व सिद्ध झालं नाही, असं त्याच निर्णयात म्हटलं आहे. माणूस तोच आणि पदव्याही त्याच. म्हणून "मी मटेरियल सायंटिस्ट म्हणून काम करणार" किंवा "मी प्राध्यापक होणार" हे नियोजित काम म्हणून चालत नाही, कारण तो फक्त पेशा झाला. "सोडियम-आयन बॅटरीच्या घन इलेक्ट्रोलाइटमधल्या भेगा कमी करणाऱ्या पद्धती विकसित करणार" हे काम झालं. त्याचा फायदा एका प्रयोगशाळेबाहेर कुणाला आणि कसा होतो, हे सरकारी अहवाल, ऊर्जा खात्याची धोरणं, मिळालेलं अनुदान यांच्या आधाराने मांडावं लागतं.

दुसऱ्या प्रश्नासाठी पुढच्या कामाचा आराखडा लागतो. पोस्टडॉकचं, म्हणजे पीएचडीनंतरच्या संशोधनाच्या नोकरीचं, पत्र, सुरू असलेला प्रकल्प, कुणी त्या कामात दाखवलेला रस असं काहीतरी हातात असावं. ऑफरची अट नाही म्हणून यातलं काहीच न जोडणं ही नेहमीची चूक आहे.

एनआयडब्ल्यूला आणखी एक उंबरठा आहे, जो ईबी-१ए ला नाही. ईबी-१ए ला कोणतीही पदवी लागत नाही. एनआयडब्ल्यू हा ईबी-२ वर्गातला असल्यामुळे त्याला आधी मास्टर्स किंवा त्यावरची पदवी लागते (नाहीतर बॅचलर्सनंतरचा पाच वर्षांचा चढता अनुभव किंवा ईबी-२ ची वेगळी 'विशेष क्षमता' दाखवावी लागते), आणि ही पदवी अर्जाच्या दिवशी हातात असावी लागते. चार वर्षांचं बीई करून थेट पीएचडीला आलेल्यांकडे ती नसते. अमेरिकेतले अनेक विभाग कोर्सवर्क आणि क्वालिफायर ही पात्रता परीक्षा झाल्यावर वाटेतच मास्टर्स देतात, पण त्यासाठी वेगळा फॉर्म भरावा लागतो. तो भरा. तीन वर्षांचं बीएस्सी आणि दोन वर्षांचं एमएस्सी करून गेलेल्यांनी, म्हणजे पुणे-मुंबईतून मूलभूत विज्ञान घेऊन गेलेल्या बऱ्याच जणांनी, हा मुद्दा विशेष तपासावा: मूल्यमापनात त्या पाच वर्षांना अमेरिकन बॅचलर्सइतकंच धरलं जाण्याचा धोका असतो. इथेही वाटेतलं अमेरिकन मास्टर्स तो प्रश्न मिटवतं.

आता रांगेकडे येऊ. भारतीयांसाठी खरा फरक इथे आहे.

नोकरीवर आधारित ग्रीन कार्डं वर्षाला साधारण १,४०,००० असतात. ईबी-१ आणि ईबी-२ यांचा वाटा प्रत्येकी २८.६ टक्के, म्हणजे सुमारे ४०,०००. एका देशाला ७ टक्क्यांची मर्यादा आहे, आणि या आकड्यांत जोडीदार आणि मुलंही धरली जातात. अर्ज पोहोचतो त्या दिवशी तुमचा नंबर लागतो. त्या तारखेला प्रायॉरिटी डेट म्हणतात. परराष्ट्र खातं दर महिन्याला व्हिसा बुलेटिन काढतं, त्यात कोणत्या तारखेपर्यंतचे लोक पुढे जाऊ शकतात ते असतं. सप्टेंबर २०२५ च्या बुलेटिनमध्ये भारतासाठी ईबी-१ ची तारीख १५ फेब्रुवारी २०२२ होती आणि ईबी-२ ची १ जानेवारी २०१३. एकीकडे साडेतीन वर्षं मागे, दुसरीकडे साडेबारा. आणि ही फक्त पुढे पोहोचलेल्यांची तारीख आहे. आज मागे उभं राहणाऱ्याची प्रतीक्षा ईबी-२ मध्ये याहून कितीतरी लांब आहे.

देश ठरतो तो जन्मस्थानावरून, पासपोर्टवरून नाही. दुबईत किंवा मस्कतमध्ये जन्मलेली, भारतीय पासपोर्ट असलेली व्यक्ती भारताच्या रांगेत येत नाही. उलट, म्हापशात जन्मलेल्या गोंयकाराने पोर्तुगीज पासपोर्ट घेतला तरी तो भारताच्याच रांगेत राहतो. जोडीदार दुसऱ्या देशात जन्मलेला असेल तर त्याच्या देशाच्या रांगेत उभं राहता येतं.

हे पाहून "मग एनआयडब्ल्यूचा उपयोग काय?" असं वाटतं. उपयोग मोठा आहे. मंजूर झालेल्या आय-१४० ची प्रायॉरिटी डेट नंतरच्या ईबी-१, ईबी-२ किंवा ईबी-३ अर्जाला नेता येते, पहिली मंजुरी फसवणूक किंवा गंभीर चुकीमुळे रद्द झालेली नसेल तर. समजा, तिसऱ्या वर्षात मार्च २०२४ ला एनआयडब्ल्यू दाखल केलं आणि ते मंजूर झालं. पोस्टडॉकमध्ये काम वाढलं, २०२८ ला ईबी-१ए केलं, तेही मंजूर झालं. आता तुम्ही ईबी-१ च्या छोट्या रांगेत उभे आहात, पण नंबर २०२४ चा. म्हणून आमच्या मते विद्यार्थ्याने या दोघांत निवड करत बसू नये. एनआयडब्ल्यू लवकर करावं ते नंबर लावण्यासाठी, आणि ईबी-१ए तयारी झाल्यावर करावं ते रांग बदलण्यासाठी. ईबी-१ए दाखल करताना आधीच्या आय-१४० ची नोंद फॉर्ममध्ये करावी, मंजुरीच्या आय-७९७ नोटिशीची प्रत जोडावी, आणि नवी नोटीस आली की तीवर जुनी तारीख छापली आहे का ते बघावं.

पण नाकारलेल्या अर्जाची तारीख मिळत नाही. फी चुकली म्हणून परत आलेल्या अर्जाचीही नाही. शिवाय पात्रता दाखल करण्याच्या दिवशीची पाहतात. पुढच्या महिन्यात छापून येणारा पेपर त्या अर्जाला तारत नाही. घाई आणि कच्चेपणा यांत फरक करायला हवा.

फीचा हिशोब दोन्हींचा सारखाच. एप्रिल २०२४ पासूनच्या दराने आय-१४० चे ७१५ डॉलर, आणि स्वतः अर्ज करणाऱ्याला असायलम प्रोग्रॅम फी ३०० डॉलर, वेगळी भरलेली. दोन्ही रकमा एकत्र भरल्या किंवा फॉर्मच्या पहिल्या भागातल्या उत्तरांशी रक्कम जुळली नाही, की पाकीट परत येऊ शकतं. दरपत्रक पाठवण्याच्या दिवशीच पाहावं. जादा फी भरून प्रीमियम प्रोसेसिंग घेतलं तर ईबी-१ए ला १५ कामाच्या दिवसांत उत्तर मिळतं आणि एनआयडब्ल्यूला ४५. रांग त्याने तसूभरही कमी होत नाही. पर्मची प्रक्रिया नसली तरी एनआयडब्ल्यूला त्याच लेबर सर्टिफिकेशनच्या ईटीए-९०८९ फॉर्मचं परिशिष्ट ए आणि सही केलेलं फायनल डिटरमिनेशनचं पानही जोडावं लागतं. ईबी-१ए ला ते लागत नाही, आणि ईबी-१ए चा नमुना समोर ठेवून एनआयडब्ल्यू करणाऱ्यांकडून नेमकं हेच राहून जातं.

आता एफ-१ चा प्रश्न. हा विद्यार्थी व्हिसा परत जाण्याच्या हेतूवर उभा आहे. एच-१बी या नोकरीच्या व्हिसाला स्थायिक होण्याचा हेतू चालतो, एफ-१ ला नाही. आय-१४० दाखल करणं बेकायदा नाही, आणि अमेरिकेत राहून अभ्यास चालू ठेवता येतो. अडचण येते ती स्टॅम्पिंगला, म्हणजे पासपोर्टवर नवा व्हिसा घेताना. व्हिसाच्या डीएस-१६० फॉर्ममध्ये तुमच्यासाठी स्थलांतराचा अर्ज कधी दाखल झाला आहे का, असा थेट प्रश्न आहे. स्वतः केलेला अर्जही त्यात येतो, आणि उत्तर "हो" हेच द्यायचं. खोटं उत्तर दिलं तर कायमची प्रवेशबंदी ओढवू शकते. खरं उत्तर दिलं तर मुंबईत बीकेसीच्या अमेरिकन वकिलातीच्या खिडकीवर २१४(बी) खाली, म्हणजे परत जाण्याचा हेतू पटला नाही म्हणून, नकार मिळण्याची शक्यता वाढते. म्हणून व्हिसाचा शिक्का संपत आला असेल आणि लवकरच घरी लग्नकार्य किंवा फील्डवर्क असेल, तर आधी जाऊन शिक्का नवा करून यावा आणि मग अर्ज टाकावा.

आय-१४० मंजूर झाल्याने अमेरिकेत राहायचा हक्क मिळत नाही. एफ-१, ओपीटी (शिक्षणानंतरचा तात्पुरता कामाचा परवाना), एच-१बी ही साखळी स्वतंत्रपणे सांभाळावी लागते. मात्र एच-१बी वर गेल्यावर तीच मंजुरी कामाला येते: रांगेमुळे थांबलेल्या माणसाला सहा वर्षांच्या मर्यादेपुढे तीन-तीन वर्षांची मुदतवाढ मिळते, आणि एच-४ वरच्या जोडीदाराला कामाच्या परवान्यासाठी अर्ज करता येतो.

प्रत्यक्ष ग्रीन कार्डासाठीचा शेवटचा अर्ज, आय-४८५, नंबर आल्यावरच करता येतो, आणि जन्माचा दाखला तिथे लागतो. नगरपालिकेचा दाखला मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर आणि भाषांतरकाराचं सहीनिशी निवेदन जोडावं. दाखल्यावर बाळाच्या नावाची जागा रिकामी असेल, किंवा आईचं नाव पासपोर्टपेक्षा वेगळं असेल, तर ती दुरुस्ती आईवडील गावी असताना आत्ताच करून घ्यावी. नोंदच सापडली नाही तर अनुपलब्धतेचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला आणि नातेवाइकांची प्रतिज्ञापत्रं गोळा करावी लागतात, आणि दहा वर्षांनी ती करून द्यायला तीच माणसं असतील असं धरून चालता येत नाही.