पर्थ ते निंगालू : गाडी आणि तंबू घेऊन निघणाऱ्या दोघांसाठी माहितीपत्रक

छतावर तंबू बसवलेली फोर बाय फोर आमच्याकडून घेऊन पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याने उत्तरेला जाणारी जोडपी बहुतेक पुण्या-मुंबईची, नाहीतर मेलबर्न-सिडनीत स्थायिक झालेली असतात. फोनवर पहिला प्रश्न हमखास असतो : "दोन आठवड्यांत ब्रूमला जाऊन परत येता येईल का?" येईल, पण सगळी सुट्टी स्टिअरिंगवर जाईल. म्हणून आम्ही त्यांना निंगालू प्रवाळभिंतीजवळच्या एक्समाउथ गावापर्यंतच जा, आणि तीन आठवडे काढता आले तर परतताना आतल्या भागातून, करिजिनी नॅशनल पार्कमार्गे या, असं सांगतो.

हे राज्य महाराष्ट्राच्या आठपट मोठं आहे. वस्ती तीस लाखांच्या आसपास, त्यातलीही बहुतांश पर्थ आणि परिसरात. पर्थ ते एक्समाउथ सुमारे १,२५० किलोमीटर. जेराल्डटन सोडलं की दोन पेट्रोल पंपांमध्ये दीडशे-दोनशे किलोमीटरचं अंतर असणं नेहमीचंच.

चारच्या आत मुक्काम

या पत्रकातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची झाली तर ही ठेवा : दुपारी चार वाजता गाडी मुक्कामी उभी हवी. उत्तरेला जाण्याचा चांगला हंगाम मे ते सप्टेंबर, म्हणजे इथला हिवाळा. जूनमध्ये पर्थला सव्वापाच-साडेपाचला सूर्य मावळतो. कांगारू नेमके त्याच सुमाराला रस्त्याकडेच्या गवतावर येतात आणि हेडलाइट दिसला की कुठल्याही दिशेला उडी मारतात. गुरांच्या विस्तीर्ण स्टेशनांना, म्हणजे कुरणांना, बऱ्याच ठिकाणी कुंपण नसतं, त्यामुळे अंधारात काळी गाय डांबरावर बसलेली अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. गावाबाहेर रात्री गाडी चालवताना झालेलं नुकसान आमच्या करारातल्या विम्यात धरलेलं नाही, ते याच कारणाने. सही करण्यापूर्वी ते कलम दोघांनी वाचा.

चारचं गणित धरलं की दिवसाला तीनशे, फार तर साडेतीनशे किलोमीटर होतात. सकाळी दव वाळेपर्यंत चहा, तंबू मिटायला वीस मिनिटं, दर दोन तासांनी चालक बदल. वेगमर्यादा ११० असली तरी लादलेल्या गाडीने ९५-१०० च्या पुढे जाऊ नका, डिझेलही वाचतं.

समोर रोड ट्रेन आली तर घाई करू नका. तीन-चार ट्रेलर जोडलेला हा ट्रक पन्नास मीटरहूनही लांब असू शकतो. तो १०० ने जात असताना ११० ने ओलांडायचा तर समोरून येणारी गाडी धरून दोन किलोमीटरहून जास्त मोकळा, सरळ रस्ता लागतो. तेवढा दिसत नसेल तर मागेच राहा. गाडीतला यूएचएफ रेडिओ ४० नंबर चॅनलवर ठेवा. ट्रकवाले त्यावरच बोलतात आणि विचारलंत तर पुढचा रस्ता मोकळा आहे का तेही सांगतात.

वाटेवरचे थांबे

पहिला मुक्काम सर्व्हँटिस, पर्थपासून दोनशे किलोमीटर. तिथल्या पिनॅकल्सच्या पिवळ्या वाळूत उभे असलेले चुनखडीचे सुळके संध्याकाळच्या उन्हात पाहा. पुढे जेराल्डटन, कालबारी. ओव्हरलँडर रोडहाऊसला (महामार्गावरचा पंप आणि खाणावळ) डावीकडे वळलात की शार्क बे, १९९१ पासून जागतिक वारसा. तिथल्या शेल बीचवर वाळू जवळजवळ नाहीच, पांढऱ्या बारीक शिंपल्यांचा कित्येक मीटर जाड थर आहे. अनवाणी चालून पाहा. कार्नार्व्हनला रस्त्याकडेच्या मळ्यांत केळी मिळतात. इथली केळी लहान आणि गोड, आपल्याकडच्या चवीची आठवण करून देणारी.

निंगालू

या सहलीतले जास्तीत जास्त दिवस इथे द्या. चार रात्रींपेक्षा कमी नकोत. बहुतेक प्रवाळभिंती बघायला बोटीतून लांब जावं लागतं. निंगालूची भिंत किनाऱ्याला लागूनच आहे. केप रेंज नॅशनल पार्कमध्ये तंबूतून उतरून पुळणीवरून चालत पाण्यात शिरलात की काही मिनिटांत खाली प्रवाळ. मार्च ते जुलै व्हेल शार्कचा काळ. त्यांच्यासोबत पोहायला मात्र परवानाधारक बोटच घ्यावी लागते.

टर्कॉइज बेवर आमच्या सगळ्याच ग्राहकांना जायचं असतं, म्हणून तिथलं जरा सविस्तर. पाण्याचा प्रवाह दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहतो. पुळणीवरून आधी दक्षिणेला चालत जायचं, तिथून आत शिरायचं आणि तरंगत उत्तरेला यायचं. हातपाय फारसे मारावे लागत नाहीत. पुढे वाळूचा दांडा आहे, त्याच्या आधी बाहेर पडायचंच. दांड्यापाशी प्रवाह भिंतीतल्या खिंडीतून खुल्या समुद्रात ओढून नेतो. दोघांनी एकमेकांच्या हाताच्या अंतरावर राहा, पोहायला नीट येत नसेल तर शेजारच्या शांत खाडीतच उतरा. प्रवाळावर उभं राहू नका. एका पावलाने मोडलेलं वाढायला वर्षानुवर्षं लागतात.

केप रेंजमधल्या कॅम्पच्या जागा १८० दिवस आधी ऑनलाइन सुटतात आणि जुलैच्या शाळेच्या सुट्टीतल्या लगेच संपतात. विमानाच्या तिकिटाआधी ही जागा मिळवा. तिथे पिण्याचं पाणी नाही, लाकडं पेटवायला बंदी आहे, दुकान नाही. एक्समाउथमध्ये टाक्या भरून घ्या. आमच्या गाडीत ८० लिटरची टाकी असते आणि वर दोन कॅन देतो. माणशी रोज दहा लिटर धरा, त्यात पिणं, रांधणं, भांडी आणि अंगावरचं मीठ धुणं सगळं आलं.

स्वयंपाक आणि सामान

दोन शेगड्यांचा गॅस, तीन लिटरचा कुकर, तवा, पोळपाट-लाटणं आम्ही देतो. किनाऱ्यावर दुपारनंतर वारा सुटतो, तेव्हा शेगडीभोवतीचे पत्रे लावल्याशिवाय भात शिजायला दुप्पट वेळ लागतो. तंबूत किंवा बंद गाडीत शेगडी कधीही पेटवू नका. शेगडीतून निघणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नसतो.

भारतातून येणाऱ्यांनी विमानात मिळणाऱ्या कार्डावर खाण्याची प्रत्येक वस्तू लिहा. लिहून दाखवलेली वस्तू फार तर काढून घेतात, लपवलेल्या वस्तूला मोठा दंड होतो. पेढे, बर्फी, ताजा कढीपत्ता, फळं आणूच नका. डाळ, पोहे, मसाले, हिंग सगळं पर्थच्या भारतीय दुकानांत मिळतं, त्यासाठी बॅग भरायची गरज नाही. मेलबर्न-सिडनीकडून गाडीने येणार असाल तर राज्याच्या सीमेवर फळं, भाज्या आणि मधसुद्धा काढून घेतात.

करिजिनीमार्गे परत

एक्समाउथहून करिजिनीला दोन दिवस लागतात, रात्रीचा मुक्काम वाटेत नानुटारा रोडहाऊसला. लाल खडकाच्या खोल घळी, तळाशी गार पाणी. ओल्या दगडावर पकड असलेले बूट लागतात, चपला नकोत. समुद्रकाठच्या उबेनंतर इथली जुलैतली रात्र फार गार असते, जाड स्लीपिंग बॅग मागून घ्या. जवळच्या विटेनूमकडे वळू नका. तिथे ॲस्बेस्टॉसची खाण होती आणि तंतू अजूनही मातीत आहेत.

पाऊस पडून गेल्यावर मातीचा रस्ता बंद केलेला असेल तर त्यावर गाडी घालणं गुन्हा आहे. नोव्हेंबर ते एप्रिल चक्रीवादळांचा काळ. त्या महिन्यांत केप रेंज आणि करिजिनीसाठी आम्ही गाडी देत नाही. १९९९ च्या व्हान्स वादळात एक्समाउथजवळच्या लिअरमंथला ताशी २६७ किलोमीटरचा झोत नोंदला गेला होता.

अडचण आली तर

गावं सोडली की मोबाइलला रेंज नाही. प्रत्येक गाडीत उपग्रहावर चालणारं यंत्र असतं. रोज मुक्कामी पोचल्यावर त्यावरून आम्हाला ठरलेला निरोप पाठवा. गाडी बंद पडली तर गाडी सोडून चालत जाऊ नका. सावलीत बसा, पाणी प्या. वरून शोधणाऱ्याला माणसापेक्षा गाडी लवकर दिसते. जिवावरचं असेल तर त्या यंत्रावरचं लाल बटण दाबा, रेंज असेल तर फोनवरून ०००. दूरच्या भागात डॉक्टर विमानाने येतो. रॉयल फ्लाइंग डॉक्टर सर्व्हिस १९२८ पासून हे काम करते आहे.

गाडी ताब्यात घेताना

दोघांनीही या. बऱ्याचदा एकटा नवराच येतो आणि बायको हॉटेलवर सामान लावते. मग स्टेपनी कशी बदलायची, वाळूत शिरताना टायरमधली हवा किती काढायची, तंबूची शिडी कुठे अडकवायची हे एकालाच कळतं, आणि त्यालाच ताप आला तर गाडी जागची हलत नाही. कराराला चालक म्हणून दोघांची नावं लावा, दोघांची मूळ लायसन्स आणा. स्टेपनी एकदा दोघांकडूनही बदलून घेतो, त्याला साधारण दोन तास धरा. भारतातून रात्रभर प्रवास करून आला असाल तर एक रात्र पर्थला झोपा, गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला घ्या, आणि त्या दिवशी सर्व्हँटिसच्या पुढे जाऊ नका.