अमेरिकेतलं कॉलेज बास्केटबॉल: एनसीएए पात्रतेचा अर्ज कुठे अडतो, आणि कोचच्या चुकीची झळ खेळाडूला कशी बसते

मुलगा उंच आहे, राष्ट्रीय शालेय स्पर्धा खेळलाय, अमेरिकेतल्या कोचची मेल आलीय, कॉलेजने प्रवेशही दिलाय. तरीही मोसम सुरू झाल्यावर तो बाकावरच बसून असतो, कारण नववीची गुणपत्रिका अजून पोचलेली नाही. हे वाटतं तितकं विरळ नाही.

मुळात दोन परवानग्या वेगवेगळ्या आहेत. प्रवेश कॉलेज देतं. खेळण्याची पात्रता मात्र एनसीएए या कॉलेजांच्या खेळांचे नियम ठरवणाऱ्या संघटनेचं इंडियानापोलिसमधलं पात्रता केंद्र ठरवतं. तिथे कोचचा शब्द चालत नाही, त्यामुळे ‘कोच बघून घेईल’ या भरवशावर राहू नका.

केंद्राच्या वेबसाइटवर खातं उघडणं अर्ध्या तासाचं काम आहे. नुसतं प्रोफाइलचं खातं फुकट मिळतं. पात्रता तपासून घेण्याच्या खात्याला फी पडते आणि परदेशी विद्यार्थ्यांना ती अमेरिकन मुलांपेक्षा जास्त असते. नववीतच फी भरण्याची घाई नको, फुकटचं खातं पुढे बदलून घेता येतं. एखादं कॉलेज तुमचं नाव आपल्या यादीत टाकत नाही तोवर अंतिम निकाल लागत नाही, मग फी भरून किती का दिवस झालेले असोत. केंद्र उत्तर देत नाही असं वाटलं, तर आधी कॉलेजच्या कम्प्लायन्स ऑफिसला, म्हणजे एनसीएएचे नियम पाळले जातात का हे बघणाऱ्या कार्यालयाला, विचारा: ‘आमचं नाव यादीत आहे का?’

अभ्यासाची अट

एनसीएएची कॉलेजं तीन डिव्हिजनमध्ये विभागलेली आहेत, त्यातली सर्वांत वरची डिव्हिजन 1. तिच्यासाठी 16 मूळ विषय-वर्षं लागतात (एक विषय वर्षभर शिकला की एक): इंग्रजी 4, गणित 3, विज्ञान 2, सामाजिक शास्त्रं 2, पहिल्या तीन गटांतलं आणखी 1, आणि उरलेली 4 याच गटांतून किंवा परकी भाषा, तत्त्वज्ञान अशा विषयांतून. सरासरी फक्त या विषयांची काढतात. ती 4 पैकी मोजतात; डिव्हिजन 1 ला किमान 2.3 आणि डिव्हिजन 2 ला 2.2 हवी. शारीरिक शिक्षण आणि चित्रकलेचे गुण यात धरले जात नाहीत. भारतीय मंडळांचे विषय कसे मोजायचे हे एनसीएए आपल्या देशनिहाय पुस्तिकेवरून ठरवते, म्हणून टक्क्यांचं ग्रेड पॉइंटमध्ये रूपांतर करून देणाऱ्या एजन्सीला पैसे देऊ नका. ते मूल्यमापन इथे कामाचं नाही.

अकरावीला कला शाखा घेऊन गणित सोडणाऱ्यांनी मात्र थांबून विचार करावा. डिव्हिजन 1 ला गणिताची तीन वर्षं लागतात. सराव सांभाळायला सोपं जाईल म्हणून घेतलेली शाखा इथे आड येऊ शकते. प्रवेश घेण्याआधी पुस्तिकेतलं भारताचं पान वाचा.

दुसरी अडचण गॅपची. डिव्हिजन 1 मध्ये घड्याळ नववी सुरू झाली त्या दिवसापासून चालू होतं. नववी ते बारावी या चार वर्षांत मूळ विषय पूर्ण व्हावे लागतात. वेळेत पास झालेल्याला पुढच्या एका वर्षात फक्त एक जादा विषय मोजून मिळतो. राज्याच्या शिबिरासाठी ड्रॉप घेतला, नापास होऊन वर्ष पुन्हा केलं, किंवा अमेरिकेतल्या शाळेत जाऊन मुद्दाम एक इयत्ता मागे बसला, तरी घड्याळ थांबत नाही. ‘एक वर्ष मागे घेतलं की उंचीही वाढेल आणि स्कॉलरशिपही मिळेल’ असं सांगणारे पुष्कळ भेटतात. ते चार वर्षांचा हा हिशेब सांगत नाहीत.

सॅट या कॉलेज प्रवेशाच्या परीक्षेची अट एनसीएएने जानेवारी 2023 मध्ये काढून टाकली. पण कॉलेजने स्वतःची अट ठेवली असेल तर ती पाळावीच लागते, आणि इंग्रजीच्या परीक्षेचंही तसंच. अर्धी माहिती वाचून सॅट न दिलेली मुलं प्रवेशातच अडकतात.

कागदपत्रं

नववीपासून पुढच्या प्रत्येक वर्षाचे गुण लागतात. दहावी-बारावीचे मंडळाकडून मिळतात, ते बहुतेकांनी जपून ठेवलेले असतात. नववी आणि अकरावीची गुणपत्रिका मात्र मंडळाची नसते, ती शाळेची आणि ज्युनियर कॉलेजची असते. दोन संस्था, दोन क्लार्क, आणि बऱ्याचदा दोन शहरं. नववीचं प्रगतिपुस्तक रद्दीत गेलेलं असतं. शाळेत गेलं की ‘दहावी पास झालात ना, मग नववी कशाला?’ असं ऐकावं लागतं. वाद घालू नका. शाळेच्या जनरल रजिस्टरमधला नोंदणी क्रमांक शाळा सोडल्याच्या दाखल्यावर असतो. तो लिहून लेखी अर्ज द्या आणि पोचपावती घ्या. गुण विषयवार हवेत, ‘उत्तीर्ण’ एवढा शेरा पुरत नाही. मुख्याध्यापकांची सही, नाव, तारीख आणि गोल शिक्का हवा. नोटरीचा शिक्का हा शाळेच्या शिक्क्याला पर्याय नव्हे. हे काम दहावीनंतरच्या सुट्टीतच उरकून टाका.

गुणपत्रिका मराठीत असेल तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर लागतं, तेही ओळीला ओळ. भाषांतरकाराने सारांश दिला, किंवा चांगुलपणाने गुणांची श्रेणी करून टाकली, तर कागद परत येतो. मूळ मराठी प्रतही सोबत जाते.

नावाचा घोळ तर आपल्याकडे ठरलेलाच. मंडळाच्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग मुलाचं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात, वडिलांचं नाव कधी असतं, कधी नसतं. तिकडचा कर्मचारी वडिलांचं नाव हेच आडनाव समजून बसतो आणि एका मुलाच्या दोन फाइली होतात. खातं पासपोर्टवरच्या नावानेच उघडा. शाळेकडून येणाऱ्या प्रत्येक कागदासोबत खात्याचा क्रमांक लिहून द्या.

बारावी पास झाल्याचा पुरावाही लागतो. ऑनलाइन निकालाच्या प्रिंटवर विसंबू नका, मंडळाचं प्रमाणपत्र लागेल असं धरून चाला. निकाल आणि अमेरिकेतलं सत्र यांच्यात जेमतेम अडीच-तीन महिने असतात, त्यातच व्हिसा. प्रमाणपत्र हातात पडलं की त्याच आठवड्यात पाठवा.

खेळाचा इतिहास आणि पैसा

अर्जात कुठल्या संघाकडून, कधी, कुठल्या स्पर्धेत खेळलात, किती पैसे मिळाले, कोणाशी करार आहे, हे सगळं विचारतात. 2010 मध्ये तुर्कस्तानचा एनेस कांतर केंटकी विद्यापीठात दाखल झाला. त्याच्या जुन्या क्लबने, फेनरबाचेने, खर्चाच्या वर 33,033 डॉलर दिले होते असं निघालं आणि तो कायमचा अपात्र ठरला. कॉलेजचा एकही सामना न खेळता 2011 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनबीए या व्यावसायिक लीगच्या खेळाडू-निवडीत, तो तिसऱ्या क्रमांकावर निवडला गेला, पण ती वाट कितीजणांना मिळते? नियम तेव्हापेक्षा बरेच सैल झालेत. तरी प्रश्न विचारणं थांबलेलं नाही, आणि खोटं उत्तर हा स्वतंत्र गुन्हा मानला जातो. खेलो इंडियाचा महिना 10,000 रुपयांचा भत्ता, 3×3 स्पर्धेचं बक्षीस, क्लबने दिलेले बूट, सगळं लिहा. गूगलवर सापडेल ते अर्जात असलंच पाहिजे.

आणि शेवटचं बटण. ऑगस्टच्या प्रवेशासाठी 1 एप्रिलनंतर खात्यात जाऊन ‘अंतिम पडताळणी करा’ अशी विनंती स्वतः नोंदवावी लागते. जानेवारीच्या प्रवेशासाठी ही तारीख 1 ऑक्टोबर. कागद पूर्ण, फी भरलेली आणि फक्त हे राहिलेलं, असे अर्ज दरवर्षी असतात.

भरतीचे नियम: चूक कोचची, थांबतो मुलगा

पुरुषांच्या बास्केटबॉलमध्ये डिव्हिजन 1 चा कोच दहावीचं वर्ष संपल्यानंतरच्या 15 जूनपासून खेळाडूला स्वतः फोन किंवा मेसेज करू शकतो. त्याआधी तुम्ही मेल पाठवलीत तर चालतं, पण त्याने गप्प राहणं हा नियम आहे, नकार नव्हे. इथेच पालक एजंटकडे धावतात.

एजंटशी कागद करण्याआधी एकच ओळ शोधा: फी कशावर ठरली आहे? व्हिडिओ आणि माहिती कॉलेजांना पाठवण्याचे ठरावीक पैसे देता येतात. ‘स्कॉलरशिप मिळाली की तिच्या दहा टक्के’ अशी अट असेल तर पात्रताच धोक्यात येते. एजंट ‘लेटर ऑफ इंटेंट’ (खेळाडूने एका कॉलेजशी बांधून घेण्याचं पत्र) आणून देतो म्हणाला, तर तो जुन्या माहितीवर धंदा करतोय. ती योजना ऑक्टोबर 2024 मध्येच बंद झाली. आता कॉलेज थेट आर्थिक मदतीचा करार देतं. डिव्हिजन 3 आणि आयव्ही लीगमध्ये (हार्वर्ड, येल अशा विद्यापीठांचा गट) खेळासाठी स्कॉलरशिप नसतेच.

दुसरा सापळा प्रेमळ असतो. न्यू जर्सीतले ओळखीचे काका त्याच विद्यापीठाचे माजी विद्यार्थी, खेळाच्या निधीला देणगी देणारे. ते म्हणतात, ‘तिकीट मी काढतो, आमच्याकडेच राहू दे.’ एनसीएएच्या भाषेत ते ‘बूस्टर’ आहेत आणि भरतीत त्यांनी हात घालणं नियमबाह्य आहे. जुनं, खरं नातं असेल तर गोष्ट वेगळी, पण ते आधी कम्प्लायन्स ऑफिसला लेखी कळवा.

एखाद्या जेवणाने काय बिघडतं? 2008 मध्ये टेनेसी विद्यापीठाचा कोच ब्रूस पर्ल याने शाळकरी खेळाडूंना कुटुंबासह घरी बार्बेक्यूला बोलावलं. त्या टप्प्यावर कॉलेजबाहेर भेटणं मना होतं. पुढे चौकशीत त्याच घरातला फोटो समोर ठेवला, तेव्हा तो खोटं बोलला. 2011 मध्ये नोकरी गेली आणि तीन वर्षांचा ‘शो-कॉज’ लागला, म्हणजे त्याला घेणाऱ्या कॉलेजला आधी एनसीएएला उत्तर द्यावं लागणार. जेवणापेक्षा खोटं महागात पडलं. कोच ‘हे कुणाला सांगू नका’ म्हणाला की तारीख, वेळ आणि मेसेज जपून ठेवा.

चूक झालीच असेल, तर पालकांना परस्पर माफीचा अर्ज करता येत नाही. कॉलेज मुलाला अपात्र घोषित करतं, घटना कळवतं आणि पात्रता परत मिळावी म्हणून स्वतः अर्ज करतं. किरकोळ लाभ असेल तर तेवढी रक्कम धर्मादाय संस्थेला देऊन प्रकरण मिटू शकतं. मोठा असेल तर काही सामने जातात. नोंदणीनंतर चार महिन्यांनी सांगण्यापेक्षा आधी सांगितलेलं केव्हाही बरं, कारण निकाल येईपर्यंत मुलाला सामन्यात उतरता येत नाही.

व्हिसाचं काम नेहमीचंच: कॉलेजचा आय-20 (प्रवेशाचा व्हिसासाठीचा दाखला), सेविस (परदेशी विद्यार्थ्यांची सरकारी नोंद) फी, डीएस-160 हा व्हिसाचा अर्ज, मुलाखत. एक मात्र लक्षात असू द्या. स्वतःचं नाव आणि चेहरा वापरून कमावण्याची मुभा अमेरिकन खेळाडूंना आहे. एफ-1 या विद्यार्थी व्हिसावरच्या मुलासाठी तीच कमाई बेकायदा नोकरी ठरू शकते. इन्स्टाग्रामवरच्या जाहिरातीला होकार देण्याआधी कोचला नव्हे, आय-20 देणाऱ्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला विचारा, आणि त्यांचं उत्तर मेलवरच घ्या.