गंज न धरणारं रीळ आणि पाणी आत न घेणारं रीळ

समुद्रात गळ टाकायला रीळ बघायला लागलं की दोन शब्द हटकून समोर येतात: गंजरोधक आणि सीलबंद. दोन्हींच्या खोक्यावर ‘खाऱ्या पाण्यासाठी’ असंच छापलेलं असतं. मीही दोन्ही एकच समजून पहिलं रीळ घेतलं होतं.

गंजरोधक रिळात पाणी शिरतं; ते आतल्या भागांना सोसावं एवढीच तजवीज केलेली असते. ॲनोडाइझ केलेलं ॲल्युमिनियम, ड्रॅगच्या (मासा ओढू लागला की दोरी रोखत सोडणाऱ्या ब्रेकच्या) कार्बन फायबर चकत्या, स्टेनलेस बेअरिंग. यातल्या ‘स्टेनलेस’वर फार विसंबू नका. बेअरिंगला कठीण पोलाद लागतं, उदाहरणार्थ ४४०सी. त्याला कठीणपणा येतो तो भरपूर कार्बनमुळे, आणि त्याच कार्बनपायी त्याची गंजाशी झुंजायची ताकद घटते. शिवाय ॲल्युमिनियममध्ये स्टेनलेसचा स्क्रू आणि मध्ये खारं पाणी, म्हणजे छोटी बॅटरीच. झिजतं ते ॲल्युमिनियम. माझ्या त्या रिळाचा स्क्रू पांढऱ्या भुकटीत असा रुतला की काढताना त्याचं डोकंच तुटलं.

सीलबंद रिळात पाण्याला दारातच अडवतात. हँडलच्या दांड्याशी, स्पूलखाली (दोरी गुंडाळलेल्या भागाखाली) ड्रॅगपाशी, रोटरच्या (फिरून दोरी गुंडाळणाऱ्या भागाच्या) मुळाशी रबरी सील असतात. पण किती सीलबंद, हे ‘आयपीएक्स’ या पाणीरोधकतेच्या मानांकनाच्या आकड्यावरून कळतं. आयपीएक्स५ म्हणजे ६.३ मिमी तोंडाच्या नळीतून मिनिटाला १२.५ लिटरचा फवारा सोसला. आयपीएक्स६ला १२.५ मिमीची नळी आणि १०० लिटर. आयपीएक्स७ ही बुडवण्याची चाचणी आहे: एक मीटर पाण्यात ३० मिनिटं. फवारा सोसणारं रीळ बुडवल्यावर टिकेलच असं नाही, म्हणून ६ला ७ची लहान पायरी समजू नये. आणि चाचणी नव्या रिळाची, गोड्या पाण्यात होते. सील पुढे झिजतात.

दुकानात मात्र नेमकी उलटी निवड होते. हँडल फिरवून बघितलं तर सीलबंद रीळ किंचित जड लागतं, कारण रबर दांड्याला घासत असतं. शेजारचं लोण्यासारखं फिरतं, आणि गिऱ्हाईक तेच उचलतं. (डायवा कंपनीच्या मॅगसील्ड रिळांत रबराऐवजी चुंबकाने धरून ठेवलेलं तेल असतं, तिथे हा जडपणा जाणवत नाही.)

लाटांत कमरेएवढ्या पाण्यात उभे राहणार असाल, किंवा खडकावर तुषार अंगावर घेत, तर सीलबंदच घ्या. रीळ एकदा वाळूच्या पाण्यात पडलं की दुसरं काही उपयोगाचं नाही. होडीतून किंवा धक्क्यावरून टाकत असाल आणि स्वतः रीळ उघडून ग्रीस भरायची सवय असेल, तर मी गंजरोधकच घेईन. ते उघडायला सोपं. सीलबंद रिळात एकदा पाणी गेलं की बाहेर यायलाही वाट नसते, आणि उघडल्यावर सील पुन्हा नीट बसवणं हे सरावाचं काम आहे.

धुण्याची रीत दोन्हींना एकच. ड्रॅग घट्ट करा, गोड्या पाण्याची हलकी धार सोडा, पुसून सावलीत वाळवा, मग ड्रॅग सैल करून ठेवा. जोराचा फवारा मीठ उलट आत ढकलतो. उन्हात तापलेलं रीळ गार पाण्याच्या बादलीत तर कधीच बुडवू नका: आतली हवा आकसते आणि पाणी ओढून घेते.

धुताना लाइन रोलर, म्हणजे दोरी ज्यावरून वळून स्पूलवर जाते ती छोटी फिरकी, बोटाने फिरवून पाहा. सगळ्यात आधी बहुधा तोच अडकतो. करकर लागली तर दोन थेंब तेल त्याच दिवशी सोडा. अडकलेल्या रोलरवरून दोरी घासत गेली तर ती मोठ्या माशाच्या पहिल्याच धावेत तुटू शकते.