परसात स्विमिंग पूल बांधायचाय? न्यू साउथ वेल्समधली परवानगी, पात्रता आणि कागदपत्रं

आमच्या पूलची शेवटची तपासणी तुळशीपाशी अडली. सासूबाई भारतातून आल्या तेव्हा त्यांनी हौसेनं मागच्या अंगणात विटांचा छोटा कट्टा बांधून घेतला होता आणि वर तुळस लावली होती. पूलचं कुंपण नंतर आलं, नेमकं कट्ट्यापासून दोन फुटांवर. तपासणीला आलेल्या बाईंनी टेप लावला आणि म्हणाल्या, यावर पाय ठेवून तीन वर्षांचं मूल पलीकडे जाऊ शकतं. कुंपणाच्या बाहेरून ९० सेंटिमीटरच्या पट्ट्यात चढायला आधार मिळेल असं काहीही चालत नाही. कट्टा पाडला, तुळस कुंडीत लावून पार स्वयंपाकघराच्या दाराशी नेली.

म्हणून सिडनीतल्या आणि आसपासच्या मराठी घरांना माझं कळकळीचं सांगणं आहे: आधी कुंपण कागदावर आखा, मग पूल कुठे बसतो ते बघा. टाइलचा रंग ठरवायला नंतर भरपूर वेळ मिळतो.

न्यू साउथ वेल्समध्ये १९९२चा स्विमिंग पूल कायदा लागू आहे. ३० सेंटिमीटरपेक्षा जास्त खोल पाणी राहू शकेल अशी पोहण्या-डुंबण्याची कोणतीही रचना त्याच्या लेखी पूलच. मुलांसाठी दुकानातून आणलेला फुगवायचा पूल तेवढा खोल असेल तर त्यालाही कुंपण लागतं. हे आपल्यातल्या कितीतरी जणांना ठाऊकच नसतं.

कुंपणाची मापं अशी. उंची किमान १.२ मीटर. खालची फट १० सेंटिमीटरपेक्षा जास्त नको, उभ्या गजांमधलं अंतरही तेवढंच. शेजाऱ्याबरोबरची सामाईक भिंत कुंपण म्हणून वापरणार असाल तर ती १.८ मीटर हवी आणि तिथे तो ९० सेंटिमीटरचा मोकळा पट्टा पूलच्या बाजूला, म्हणजे आतून सोडावा लागतो. फाटक पूलपासून बाहेरच्या दिशेनं उघडणारं, आपोआप मिटणारं आणि आपोआप कडी लागणारं हवं. त्या बाईंनी फाटक जेमतेम दोन बोटं उघडलं आणि अलगद सोडलं. जोरात ढकललेलं फाटक बंद होणारच, खरी परीक्षा या दोन बोटांची असते. आमची कडी तिसऱ्या वेळी लागली नाही, बिजागरी घट्ट करून घ्यावी लागली.

आता परवानगी. अर्ज जागेचा मालक करतो किंवा मालकाच्या लेखी संमतीनं दुसरं कुणी. घर नवराबायको दोघांच्या नावावर असेल तर दोघांच्याही सह्या लागतात. भाडेकरूला स्वतःच्या जोरावर पूल बांधता येत नाही.

रस्ते दोन आहेत. सरळसोट प्लॉट असेल तर कम्प्लायिंग डेव्हलपमेंट सर्टिफिकेट, म्हणजे सीडीसी. ते कौन्सिल, म्हणजे तुमच्या भागाची नगरपालिका, देते किंवा नोंदणीकृत खासगी सर्टिफायर, म्हणजे बांधकाम नियमांत बसतं का ते तपासून दाखला देणारा माणूस. इथे अटी ठरलेल्या असतात. उदाहरणार्थ, पूल घराच्या पुढच्या रेषेच्या मागे हवा आणि पाण्याची कड बाजूच्या व मागच्या हद्दीपासून किमान १ मीटर आत हवी. सगळ्या अटी बसल्या तर हा रस्ता लवकर संपतो. एखादी बसत नसेल, किंवा घर वारसा यादीत असेल, तर बहुधा दुसरा रस्ता: कौन्सिलकडे डेव्हलपमेंट ॲप्लिकेशन, म्हणजे डीए. त्यात शेजाऱ्यांना कळवून त्यांचं म्हणणं ऐकलं जाऊ शकतं आणि मंजुरीनंतर कन्स्ट्रक्शन सर्टिफिकेट, म्हणजे बांधकामाच्या नकाशांना मंजुरी, वेगळं घ्यावं लागतं. दोन्ही अर्ज राज्याच्या 'एनएसडब्ल्यू प्लॅनिंग पोर्टल' या संकेतस्थळावरूनच जातात. माझं मत विचाराल तर पूल थोडा लहान करून सीडीसीत बसत असेल तर लहान करा.

कागदांत साधारण हे लागतं: सर्व्हेचा नकाशा, त्यावर पूल, कुंपण आणि पंपाची जागा दाखवणारा आराखडा, पूलचा उभा छेद, इंजिनिअरचे बांधकाम नकाशे, फिल्टर धुतलेलं पाणी कुठे सोडणार याची आखणी, प्लॅनिंग सर्टिफिकेट (तुमच्या जागेला कोणते नियम लागू आहेत ते सांगणारा कौन्सिलचा दाखला) आणि बिल्डरच्या लायसन्सचे तपशील. पूल ४०,००० लिटर किंवा त्याहून मोठा असेल तर बेसिक्स, म्हणजे पाणी आणि वीज वाचवण्याच्या अटींचं, प्रमाणपत्रही जोडावं लागतं. हिशेब सोपा आहे. ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद, सरासरी दीड मीटर खोल म्हणजे ४८,००० लिटर, बेसिक्स लागणार. ७ मीटर, साडेतीन मीटर आणि १.४ मीटर धरलं तर ३४,३०० लिटर, नाही लागणार.

सिडनीत पुष्कळ घरांच्या मागच्या अंगणाखालून सांडपाण्याची वाहिनी जाते. तिच्या जवळ खोदायचं तर पाणी-सांडपाणी सांभाळणाऱ्या सिडनी वॉटरच्या 'टॅप इन' या ऑनलाइन सेवेतून नकाशे मंजूर करून घ्यावे लागतात. वीज, गॅस, टेलिफोनच्या तारा-नळांचे नकाशे 'बिफोर यू डिग ऑस्ट्रेलिया'कडून फुकट मिळतात. खोदाईला फावडं लागण्याआधी ते मागवाच.

बिल्डरशी करार करताना आपली माणसं भिडेपोटी गप्प बसतात. बसू नका. ५,००० डॉलरच्या वरच्या कामाला त्याच्याकडे लायसन्स असलंच पाहिजे. २०,००० डॉलरच्या वर गेलं की काम सुरू होण्याआधी तुमच्या नावानं घरबांधणी विम्याचं प्रमाणपत्र त्यानं द्यायचं असतं, त्याआधी एक डॉलरही आगाऊ देऊ नका. आगाऊ रक्कम १० टक्क्यांहून जास्त मागता येत नाही. मोठ्या करारातून सही केल्यावर पाच कामकाजाच्या दिवसांत माघारही घेता येते. खोदताना वालुकाश्म लागला तर जादा दर काय, हे करारात आकड्यात लिहून घ्या. उत्तर सिडनीकडे खडक हमखास लागतो आणि बजेट तिथेच कोलमडतं. स्वतः देखरेख करून बांधायचं असेल तर १०,००० डॉलरच्या वर ओनर-बिल्डर परमिट लागतं.

काम सुरू करण्याआधी प्रिन्सिपल सर्टिफायर, म्हणजे बांधकामाच्या तपासण्या करणारा मुख्य सर्टिफायर, नेमायचा. सळया बांधून झाल्या की काँक्रीट ओतण्याआधी तपासणी होते. खड्डा झाल्यापासून कुंपण तात्पुरतं का होईना उभं असू द्या, सिडनीच्या एका रात्रीच्या पावसात त्यात गुडघाभर पाणी साचतं. शेवटी कुंपण तपासून ऑक्युपेशन सर्टिफिकेट, म्हणजे पूल वापरायला परवानगी, मिळतं. पूलपाशी बुडालेल्याला शुद्धीवर आणण्याच्या कृतीचा तक्ता लावावा लागतो. आमच्या सासूबाईंना इंग्रजी येत नाही, म्हणून मी खाली मराठीत लिहून चिकटवलं: आधी तिहेरी शून्य, ०००, हा इथला आणीबाणीचा नंबर फिरवा.

मग राज्याच्या स्विमिंग पूल रजिस्टरवर ऑनलाइन नोंदणी करायची. ती मालकाची जबाबदारी आहे, न केल्यास दंड होतो. पुढे घर भाड्यानं द्यायचं झालं तर अनुपालन प्रमाणपत्र, म्हणजे पूलचं कुंपण नियमांत बसतं असा दाखला, हवंच. ते तीन वर्षं चालतं, आणि ऑक्युपेशन सर्टिफिकेट तीन वर्षांच्या आतलं असेल तर नोंदणीच्या पुराव्यासह तेही चालतं. घर विकताना मात्र त्रुटींचं प्रमाणपत्र जोडूनही व्यवहार होतो. मग त्या त्रुटी नव्या मालकानं ताबा घेतल्यापासून ९० दिवसांत दुरुस्त करायच्या असतात. त्यामुळे पूल असलेलं जुनं घर घेत असाल तर करारासोबत यांपैकी कोणता कागद जोडलाय, ते वकिलाला पहिल्याच दिवशी विचारा.